पिन हाजिर

पुतणीच्या लग्नात एक ताट कमी भरलं.

मंडपवाल्याकडून अडीचशे आणली होती. पंगती उठल्या, वऱ्हाड गेलं, बायकांनी खरकटं आवरलं, पोरांनी ताटं विसळून पंचवीस-पंचवीसच्या थप्प्या लावल्या. नऊ थप्प्या पुऱ्या, दहावी चोवीसची. मंडपवाल्याचा पोरगा टेम्पोत ताटं चढवायला लागला होता. मी म्हटलं, "थांब, एक कमी आहे." तो हसला. "राहू द्या की फौजी. लग्नघरात एखादं जातंच." भाऊ म्हणाला, त्याचे पैसे टाकू. मी मोबाईलची बॅटरी लावून आधी गोठा पाहिला, मग आचाऱ्याच्या चुलीभोवती फिरलो, पाण्याच्या टाकीमागं वाकून बघितलं. परसदारात बायको पदर खोचून उभी होती. म्हणाली, "आवं, फौजंतनं कवा येनार घरी? पाच वर्सं झाली."

दर 15 ऑगस्टला शाळेच्या पटांगणावर मला उभं करतात आणि विचारतात, फौजेनं तुम्हाला काय दिलं? उत्तर त्यांनीच ठरवलेलं असतं: शिस्त. मीही मान हलवून मोकळा होतो, कारण पोरं उन्हात उभी असतात. खरी गोष्ट अशी की 2020 च्या नोव्हेंबरअखेर मी पेन्शनीत निघालो, करोनामुळं ना मिरवणूक ना गुलाल, आणि घरी आल्यावर पुढचे दोन महिने रोज सकाळी आठला उठलो. चोवीस वर्षं पाचच्या आत उठत होतो, पण ते उठणं बिगुलाचं होतं, माझं नव्हतं. बिगुल थांबला, मी झोपलो. "पोराला दोन वर्षं फौजेत घाला, सरळ होईल" असं म्हणणारे भेटतात तेव्हा मी त्यांना हे सांगतो. त्यांना ते आवडत नाही.

जे माझ्यात उरलं ते भाषणात सांगण्यासारखं नाही. ती आहे गिनती.

आमच्या खटाव-माणाच्या पट्ट्याला पाऊस चुकतो, पण भरती चुकत नाही. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. माझ्या घरात मात्र तशी परंपरा नव्हती. दीड एकर कोरडवाहू, वडील ऊसतोडीला जाणारे. 1996 साली अठराव्या वर्षी मी भरतीला 1600 मीटर पळालो, बीमला लटकून दहा वेळा वर गेलो, नऊ फुटांचा खड्डा ओलांडला आणि काळी ट्रंक घेऊन खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे फौजेतल्या इंजिनियर पलटणीच्या, सेंटरवर उतरलो. आईनं ट्रंकेत शेंगदाण्याचे लाडू दिले होते. ते पहिल्याच रात्री बराकीत संपले. मला दोन मिळाले.

पहिल्या आठवड्यात केस गेले आणि नाव गेलं. नावाच्या जागी नंबर आला, आणि नंबरही पुरा नाही, शेवटचे तीन आकडे. माझ्या शेजारच्या खाटेवर जत तालुक्यातला एक काळासावळा, लांब मानेचा पोरगा होता. त्याचे आकडे चारशे सतरा, म्हणून तो चार-सतरा. आज एकोणतीस वर्षं झाली, मी त्याला दुसऱ्या कुठल्याही नावानं हाक मारलेली नाही. त्याच्या बायकोलाही आता सवय झाली आहे.

गिनती रोज संध्याकाळी. रांगा लागायच्या, हवालदार ओरडायचा, "गिनती कर!" आणि उजवीकडून आकडे सुटायचे. एक, दो, तीन, चार. पहिले काही दिवस हे मला पोरखेळ वाटलं. सगळे डोळ्यांसमोर उभे आहेत, मोजायचं काय? मग एके दिवशी माझं लक्ष मेसच्या वासाकडं गेलं. शेजाऱ्याचा "ग्यारह" आला आणि माझा "बारह" आलाच नाही. गिनती तिथंच अडकली. सगळी रांग गप्प, मागं साठ माणसं उपाशी, आणि एक आकडा माझ्या तोंडात. तेव्हा कळलं की इथं आपण असलो तर मोजले जात नाही, आपण आहोत हे आपल्यालाच ओरडून सांगावं लागतं.

त्यातली आणखी एक गंमत मला पुढं बऱ्याच वर्षांनी उमगली. गिनतीनंतर रिपोर्ट जातो: एकूण इतके, छुट्टीवर इतके, हॉस्पिटलात इतके, गार्डवर इतके, कोर्सला इतके, हाजिर इतके. म्हणजे जो समोर नाही तोही कुठल्यातरी खान्यात असतोच. बिनखान्याचा माणूस फौजेला चालत नाही. गावात आल्यावर बघतो तर अशी कितीतरी माणसं. मुंबईला गेलेला पोरगा सहा महिने फोन करत नाही आणि घरचे म्हणतात, असेल कुठंतरी. हे 'कुठंतरी' ऐकलं की माझ्या पोटात अजून खड्डा पडतो.

आता पिनेची गोष्ट.

सॅपरला पूल बांधायला शिकवतात. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली नावाच्या इंग्रज इंजिनियरनं काढलेला तो पूल अजून चालतो, कारण त्यात हुशारी कमी आणि माणसं जास्त लागतात. दहा फूट लांबीचं लोखंडी पॅनेल, वजन साधारण 260 किलो, सहा जणांनी दांडे घालून उचलायचं. एक पॅनेल दुसऱ्याला लावायचं, भोकाला भोक आणायचं आणि त्यात पिन ठोकायची. पिन म्हणजे टाचणी नव्हे, पावणेतीन किलोचा पोलादी खुंटा. सगळा पूल अशा पिनांवर उभा असतो. "जोर लगा के" म्हणत आम्ही दिवसभर पूल जोडायचो आणि संध्याकाळी उकलून ठेवायचो, दुसऱ्या दिवशी परत जोडण्यासाठी. घरी पत्रात मी लिहिलं होतं की इथं पूल बांधतो. वडिलांनी उलट विचारलं, कुठल्या नदीवर?

त्या दिवशी पिना मोजायचं काम माझ्याकडं होतं. पाऊस भुरभुरत होता, अंधारून आलं होतं, सगळे चिखलात बरबटलेले. पेटीत एक पिन कमी भरली. मी परत मोजलं. परत कमी. लांबून उस्तादांनी, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्यांनी, विचारलं, "पिन?" मी पाहिलं, सगळे माझ्याकडं बघत होते, लंगरात रात्री मटण होतं. मी म्हटलं, "पूरी, उस्ताद."

उस्ताद काही बोलले नाहीत. ट्रकजवळ गेले, रचलेल्या पॅनेलांवरून हात फिरवत गेले, आणि तिसऱ्या पॅनेलच्या भोकात गंजून अडकलेली पिन त्यांनी हातोड्यानं ठोकून काढली. मी खाली मान घालून रगड्याची वाट बघत होतो. ते म्हणाले, "पिन खोई, कोई बात नहीं. ढूंढ लेंगे. पर तूने पूरी बोला. अब इस पूरी पर गाडी चढेगी." मग जरा थांबून, "कम है तो कम बोल."

शिक्षा अशी की सात दिवस ती पिन माझ्याबरोबर राहील. पीटीला, लंगरला, संडासला, झोपताना उशाला. आणि संध्याकाळच्या गिनतीत माझा आकडा ओरडल्यावर लगेच ओरडायचं, "पिन हाजिर!" पहिल्या दिवशी रांग हसली. तिसऱ्या दिवशी उस्तादही तोंड फिरवून हसताना दिसले. चौथ्या दिवशी चार-सतरानं पिनेला घालायला बनियनच्या चिंधीचं टोपरं शिवून दिलं. सातव्या दिवशी पिन परत करताना, सांगायला लाज वाटते, मला थोडं चुकल्यासारखं झालं.

खडकीत दुसरी एक गोष्ट पहिल्या महिन्यातच प्रत्येकाच्या कानावर पडते ती राम राघोबा राणे साहेबांची. कारवारकडचे, चेंडियाचे. 8 ते 11 एप्रिल 1948, काश्मीरच्या लढाईत नौशेरा ते राजौरीच्या रस्त्यावर सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. पहिल्याच दिवशी मॉर्टरच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले दोघे गेले आणि पाच जखमी झाले, त्या पाचांत ते स्वतःही होते. परमवीर चक्र मिळालं. त्याआधी 1941 मध्ये ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, आमच्याच ग्रुपच्या प्रेमिंद्रसिंग भगत साहेबांनी चार दिवसांत 55 मैलांच्या वाटेवरची पंधरा सुरुंग-क्षेत्रं मोकळी केली होती, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस. अठराव्या वर्षी मी हे ऐकून छाती फुगवायचो. मला फक्त धडाका दिसायचा. सुरुंग काढणाऱ्याच्या अंगात धडाका असेल तर तो दुपारपर्यंत टिकत नाही, हे कळायला मला स्वतः पोटावर झोपावं लागलं.

13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला आणि सगळी फौज पश्चिम सीमेवर जाऊन बसली. ऑपरेशन पराक्रम. लढाई झालीच नाही. ऑक्टोबर 2002 मध्ये बाकीच्यांना परतीचे हुकूम सुटले. आम्हा सॅपरांना नाही, कारण सीमेलगत मैलोन्‌मैल जे पेरलं होतं ते आता आम्हालाच वेचायचं होतं. श्रीगंगानगरच्या बाजूला, कालव्याच्या पाण्यावरची चांगली जमीन. नरमा कापूस, मोहरी, गहू. खटावच्या माणसानं बघत राहावं अशी माती, आणि तिच्यात आम्ही सुरुंग लावलेले.

माणसासाठीचा सुरुंग बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढा असतो. प्लास्टिकचा, वजन शंभरेक ग्रॅम. तो जीव घ्यायला बनवलेला नाही, पाय न्यायला बनवलेला आहे, कारण मेलेल्याला मागं ठेवता येतं, पाय गेलेल्याला उचलायला आणखी दोघं लागतात. हा हिशेब ज्यानं कुणी पहिल्यांदा केला असेल त्याच्या गिनतीबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे.

पेरताना सगळं नोंदवलेलं असतं. खुणेचा खुंटा, तिथून अंश, रांग, अंतर, संख्या. काढताना तोच कागद घेऊन उतरायचं. पण कागद आपल्या जागी राहतो आणि माती राहत नाही. कालवा झिरपतो, पाऊस येतो, उंदीर बिळं करतात, वारा वाळू सारतो. म्हणून पांढरी फीत टाकून वाट आखायची, पालथं झोपायचं आणि सळईनं माती तिरकी टोचत बोटाबोटानं पुढं सरकायचं. सरळ टोचलं तर सुरुंगाच्या डोक्यावर दाब पडतो, तिरकं टोचलं तर बाजूला लागतं. एका माणसाचं दिवसाचं काम घरातल्या ओसरीएवढंही व्हायचं नाही. दर थोड्या वेळानं माणूस बदलायचा. थकलेल्या हाताला तिथं ठेवत नाहीत.

मी तेव्हा लान्स नायक. अक्षर बरं आणि दहावीला गणितात चांगले मार्क, म्हणून रजिस्टर माझ्याकडं. रांग नंबर, माइन पेरल्या किती, निघाल्या किती. दोन्ही आकडे जुळले की सही, आणि रांग बंद. न जुळले तर रांग उघडी, मग एकासाठी आठवडा जावो. सुभेदार साहेब रोज विचारायचे आणि मी अनेकदा सांगितलं, "एक कम, साब." कुणी कपाळाला आठी घातली नाही. शिक्षा झाल्याशिवाय खरं बोलता येतं अशी जागा मी आयुष्यात फार थोडी पाहिली. ती माती त्यांतली एक.

कुंपणापलीकडं रोज संध्याकाळी एक म्हातारा सरदारजी येऊन बसायचा. शेत त्याचं. भरपाई मिळाली होती, पण भरपाईत पेरणी नसते. तो एवढंच विचारायचा, "फौजी, होर किन्ने दिन?" मी सांगायचो, बाबाजी, पाच रांगा राहिल्या. तो बोटांवर मोजायचा. पाच रांगा म्हणजे मोहरी गेली, गहू मिळेल. तीन रांगा म्हणजे उशिराचा गहू. त्याच्या आणि माझ्या रजिस्टरात तसा फरक नव्हता.

जानेवारीत तिकडं धुकं असं पडतं की हातातली फीत दिसत नाही. ऊन वर येईपर्यंत थांबायचं. त्या दिवशी दहाला काम सुरू झालं. त्या रांगेत एकवीस पेरले होते, वीस निघाले होते, दोन दिवस एकाचा शोध चालला होता. आवाज मोठा नव्हता. पोतं वरून टाकल्यासारखा. मी वळलो तेव्हा चार-सतरा बसलेला होता, उभा नव्हता, आणि आपल्या डाव्या बुटाकडं, म्हणजे बूट होता तिथं, बघत होता. स्फोटाआधी तो तपासून झालेल्या वाटेच्या कडेला उभा होता. सुरुंग आपल्या जागेपासून हातभर सरकला होता.

त्याला नेलं. जीपचा आवाज धुक्यात गेला. मग माझ्या लक्षात आलं की रजिस्टर माझ्या हातात आहे. सुभेदार साहेब शेजारी आले, त्यांनी पेन मला दिलं नाही, माझ्याच खिशातून काढून माझ्या बोटांत धरवलं. मी लिहिलं: पेरल्या एकवीस. निघाल्या वीस. स्फोट एक. बेरीज जुळली. रांग बंद. खाली सही.

संध्याकाळी गिनती झाली. चार-सतरा माझ्या डावीकडं असायचा. माझा "सात" गेला आणि त्याच्या पलीकडचा सरकून जवळ आलेला होता, त्यानं "आठ" म्हटलं. एवढा वेळही लागला नाही. रिपोर्ट गेला: हॉस्पिटल एक.

तिसऱ्या दिवशी गावातल्या एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. आमच्याकडं फोन किराणा दुकानात. दुकानदार पोराला पाठवायचा, आई येईपर्यंत मी ठेवून परत लावायचो. आई धापा टाकत आली.

"कसा हायस?"

"मजेत."

"आवाज का रं असा?"

"थंडी हाय हितं."

"आन् त्यो चार-सतरा? बरा हाय न्हवं?" तो दोनदा आमच्या जत्रेला येऊन गेला होता, आईच्या हातचं वांगं त्यानं चाटूनपुसून खाल्लं होतं.

मी म्हटलं, "बरा हाय. मजेत हाय."

पिनेसाठी सात दिवस शिक्षा भोगलेला मी. एक सुरुंग कमी म्हणून साहेबासमोर बिनदिक्कत 'कम' म्हणणारा मी. आईला म्हणालो, पूरी.

2004 ला माझ्या लग्नात चार-सतरा आला तो पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये बसवलेल्या पायावर. पँट, बूट, सगळं व्यवस्थित. अनोळखी माणसाला कळलंही नसतं. आईनं त्याला ओसरीवरून उतरताना पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. काही बोलली नाही. त्याच्या ताटात वांगं वाढलं आणि माझ्या ताटात वाढायला विसरली.

फौजेची ही उणी बाजू मी शाळेत सांगत नाही, पण लिहायला हरकत नाही. गिनतीला अंग लागतं. अंग हाजिर असलं की माणूस हाजिर. ते अंग रात्री झोपलं का, जेवण गिळताना त्याला काय आठवतं, याला रिपोर्टात खाना नाही. आणि जिथं खाना नाही तिथं सगळे 'ठीक, साब' म्हणतात. मीही म्हटलं. पुढं हवालदार झालो, गिनती घेणारा झालो, आणि पोरं मला "ठीक, उस्ताद" म्हणायची तेव्हा मला नीट माहीत असायचं की यातले दोन-तीन आकडे खोटे आहेत. काही वेळा एखाद्याला बाजूला घेऊन चहा पाजला. बहुतेक वेळा नाही. पुढची परेड असायची.

लोकांना मात्र बर्फाचं ऐकायचं असतं. लडाखला होतो म्हटलं की डोळे मोठे होतात. तिथलं मला एकच आठवतं: वर जाताना थांबवतात. पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर चार. सुरुवातीला तर नुसता आराम, नंतर थोडं चालणं. कितीही पैलवान असो, हुद्दा कुठलाही असो, फुप्फुसाला हवेची ओळख पटेपर्यंत बसायचं. चौदा दिवस काहीही न करणं हे ड्यूटीत धरतात. पेन्शनीत येताना मला एक दिवसही कुणी असं बसवलं नाही. कागदांवर सह्या केल्या, ट्रंक उचलली, दुसऱ्या संध्याकाळी मी बसस्टँडवर उभा होतो आणि कंडक्टर विचारत होता, फुल का हाफ.

घरी आल्यावर गिनती चालूच राहिली. सुरुवातीला मजेत. मग तिनं भांडणं लावली. 2024 च्या उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर सुरू होते. खेपांच्या वहीवर गावातल्या कुणाचीतरी सही लागते, फौजी म्हणून लोकांनी मला पुढं केलं. वहीत खेपा तीन, विहिरीत पडलेल्या दोन. मी म्हटलं, दोन लिहा. ड्रायव्हर म्हणाला, डिझेलचं बघा की जरा. एक जण म्हणाला, टँकर बंद पडला तर बायका तुमच्या दारात येतील. मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही, आणि बायका खरंच माझ्या दारात आल्या. त्यांत माझी बायकोही होती, दाराच्या आतून. तिसऱ्या दिवशी तीन खेपा आल्या, वहीवर सही दुसऱ्याची घेतली गेली. मला कुणी शाबासकी दिली नाही आणि ते मला समजू शकतं. सुरुंगाच्या शेतात 'कम' म्हणणारा सगळ्यांचा पाय वाचवतो. गावात तो सगळ्यांचं पाणी तोडतो.

त्याच साली वायनाडला दरड कोसळली. जुलैचा शेवट. फौजेनं चूरलमलात 190 फुटांचा बेली पूल टाकला, मद्रास सॅपर्सनी, आणि कामावर होत्या मेजर सीता शेळके, आपल्या नगर जिल्ह्यातल्या पारनेरकडच्या. त्यांचा पुलावर उभा असलेला फोटो गावातल्या भरतीच्या पोरांच्या स्टेटसला चार दिवस होता. पोरं मला दाखवायला आली. मी फोटो बोटांनी मोठा केला आणि पॅनेलं मोजायला लागलो. एकोणीस दाहे एकशे नव्वद. एक पोरगा म्हणाला, "काका, मॅडम बघा की." मी बघितलं. पण आधी पिना दिसतात का ते बघितलं होतं.

तर लग्नाची रात्र. ताट सापडत नव्हतं. टेम्पो गेला होता, दोनशे एकोणपन्नास घेऊन. मी परत एकदा गोठ्याकडं निघालो तर अंगणातल्या खाटेवरून आवाज आला.

"बस खाली, मर्दा. किती फिरशील?"

चार-सतरा. दुपारीच आला होता, मुक्कामाला. त्याचं वजन वाढलंय, केस गेलेत, मान तेवढीच लांब. जतला किराणा दुकान आहे. तो पायाचे पट्टे सोडत होता. पाय काढून त्यानं भिंतीला टेकवून ठेवला, बुटासकट, आणि मांडीखालचा भाग चोळायला लागला.

"एक ताट कमी आहे," मी म्हटलं.

"असूं दे. तुझं सांग."

"माझं काय? मजेत."

तो थोडा वेळ चोळत राहिला. मग खडकीतल्या हवालदाराच्या आवाजात, पण हळू, घरातले झोपले होते म्हणून, तो म्हणाला, "गिनती दे."

मी हसलो. तो हसला नाही. मांडवाचे दिवे काढून नेले होते, नुसता ओसरीवरचा बल्ब होता. लांब कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. माझ्या मागं आमचं दीड एकर. वैशाखात नांगरून टाकलेलं, ढेकळं चांदण्यात दिसत होती.

"एक कम," मी म्हटलं.

"काय?"

बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती समजते मला साहेबासारखं बांधावरनंच बघायची सवय लागली आहे. औतामागं भाऊ जातो, पेरायला ती आणि भावजय, मी बांधावरून. पाच वर्षं. कुणी विचारलं तर गुडघा सांगतो.

"मी अजून नांगरटीत पाय टाकत नाही," मी म्हटलं. "ढेकळं दिसली की टाकवत नाही."

तो भिंतीला टेकवलेल्या पायाकडं बघत बसला. बराच वेळ. मग म्हणाला, "मी पण नाय टाकत. माझा तर एकच टाकायचा राहिलाय." आणि एवढ्या मोठ्यानं हसला की आतून बायको उठून दारात आली, काय झालं म्हणून.

तो सरकला, खाटेवर जागा केली. मी बसलो. बायको परत आत गेली नाही, उंबऱ्यावर बसली.

ताट सकाळी सापडलं. शेजारच्यांच्या शेळीपुढं होतं, कोंडा घातलेलं.